टेकडीची गोलकीपर

आमच्या घरात सकाळ आवाजानं कळायची, उजेडानं नाही. घराला एकच खिडकी आणि ती शेजारच्या भिंतीकडे उघडणारी, त्यामुळे उजेड आत यायचा तो वळसा घालून, दमून, उशिरा. त्याआधी बाबांचा खोकला, मग आईनं स्टोव्हला पिन मारून पंप ओढल्याचा आवाज, आणि मग खाली नळावर हंडे एकमेकांवर आपटायला लागायचे. असल्फ्याच्या डोंगरावर घर जितकं वर, तितकं पाणी खाली. आमचं घर बरंच वर होतं. आई, मी आणि लग्न होऊन आल्यापासून वहिनी, अशा आम्ही तिघी पाळीपाळीनं उतरायचो आणि चढायचो. शेवटचा हंडा पिंपात रिकामा केला की आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "झाला. आता दिवस सुरू झालो." तोवर आमच्या अंगातला अर्धा दिवस संपलेला असायचा.

मी तेव्हा साकीनाक्याला प्लग बनवायच्या एका कारखान्यात जात होते. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि आत दोन लांब टेबलं. पितळी पिना साच्यात बसवायच्या, स्क्रू पिळायचा, पुढचा घ्यायचा. संध्याकाळी बोटांना पितळेचा वास यायचा आणि तो साबणानं जायचा नाही. भात कालवताना बोटं तोंडाशी आली की यायचा. बाबांची गिरणी सुटली होती आणि ते घाटकोपरला एका सोसायटीच्या गेटवर बसत. विलासदादा साकीनाक्यालाच एका लेथच्या वर्कशॉपमध्ये होता. घरात पाच माणसं आणि पाचही दमलेली. संध्याकाळी कोणी कोणाशी भांडायचं नाही, ते प्रेमापोटी की त्राण नव्हतं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट दमणूक नव्हती, ती म्हणजे दादाचा फुटबॉल. निदान त्याच्या दृष्टीनं नव्हती. आमच्या डोंगरावर सगळी कोकणातली माणसं, त्यांचा खेळ कबड्डी. फुटबॉल आणला फ्रान्सिस अंकलनी. ते वाकोल्याचे, निवृत्त फिटर, एका बाजूला झुकलेले, सायकलवरून यायचे. डोंगराखालच्या उघड्या मैदानावर पोरं चिंध्यांचा चेंडू लाथाडताना त्यांनी पाहिली आणि पुढच्या रविवारी खरा चेंडू घेऊन आले. त्यातून 'टेकडी स्पोर्टिंग क्लब' उभा राहिला. नाव इतकं मोठं कोणी घेत नसे. "टेकडी जिंकली काय?" एवढंच विचारायचे. दादा टेकडीचा कॅप्टन होता आणि बचावात मधोमध खेळायचा. त्याच्या मनात एकच होतं, की कधीतरी शहराच्या संघाच्या चाचणीला बोलावणं येईल आणि त्याच्या जोरावर एखाद्या मोठ्या कंपनीच्या टीममध्ये नोकरी लागेल. दरवर्षी तो थांबायचा. बोलावणं यायचं नाही. मग तो म्हणायचा, पुढच्या सीझनला बघू. दादाच्या तोंडून 'सीझन' हा शब्द इतक्यांदा ऐकला होता की मला वाटायचं उन्हाळा-पावसाळ्यासारखाच हा चौथा ऋतू आहे.

पाऊस ओसरला की लीग सुरू व्हायची. मी सांगतेय त्या वर्षी टेकडीनं पहिला सामना जिंकला. दादानं घरी येऊन तो पुन्हा सगळा खेळून दाखवला, पाटावर मिठाची बरणी आणि वाट्या मांडून. नंतर दोन बरोबरीत सुटले आणि मग हरायला लागले ते हरतच गेले. गोलकीपरचं लग्न ठरून तो गावी गेला, डावीकडचा चांगला खेळणारा पोरगा दुबईला गेला, आणि दादाचा उजवा गुडघा सुजायला लागला. रविवारी घरात बांगड्याचं तिखलं असायचं. दादा हरून आला की आई काही न विचारता त्याच्या ताटात मधला तुकडा वाढायची. तो खाली मान घालून काटे काढत बसायचा आणि आम्ही सगळे त्याच्या काटे काढण्याकडे बघत जेवायचो. हरलेल्या माणसाच्या घरात जेवणाचा आवाज मोठा होतो, हे मला तेव्हा कळलं.

अशातच क्लबची एक बैठक झाली. सामने बघायला कोणी येत नाही, पोरांचा हुरूप गेला, काय करायचं, अशी चर्चा चालली होती. कोणीतरी चिडून म्हणालं, "त्यापेक्षा पोरींची टीम काढा, गर्दी तरी होईल." सगळे हसले. फ्रान्सिस अंकल हसले नाहीत. त्यांची भाची ग्लोरिया नर्सिंग शिकत होती आणि लहानपणापासून त्यांच्या मागे लागलेली, मला खेळू दे म्हणून. उपनगरातल्या मोजक्या क्लबांनी मिळून बायकांची छोटी लीग सुरू करायचं त्याच सुमारास ठरत होतं. अंकल म्हणाले, "काढू या ना. पोरी खेळल्या तर ग्राऊंड फाटणार हाय काय?"

दादानं हे घरी जेवताना सांगितलं आणि वर मला म्हणाला, "मंदा, तुझं नाव दिलंय."

"मला विचारलंस?"

"विचारतोय ना आता."

दिवसभर उभं राहून माझ्या पोटऱ्या दुखत होत्या आणि त्यावर आणखी धावायचं, या विचारानंच मला झोप यायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातून, नारळ खवता खवता, वहिनी म्हणाली, "सून चालता काय?"

दादाला वाटलं ती थट्टा करतेय. आईचा हात पळीवर थांबला. सुगंधावहिनीला आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. कुडाळच्या बाजूची, अंगानं दणकट, बोलायला कमी. माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी. घरात कोणी काही विचारलं तर एका वाक्यात उत्तर द्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. स्वतःहून काही मागितलेलं ते पहिलंच.

"चालता काय, सांगा ना," ती पुन्हा म्हणाली.

आई म्हणाली, "उघडे पाय टाकून धावतलंस? सगळ्या डोंगरासमोर?"

त्यावर दादानं सांगितलं की गोलकीपरला लांब पँट चालते. नियमच तसा आहे. आईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मगे ता गोलकीपर कर तिका." वहिनी गोलकीपर झाली ती अशी. पुढे लोक तिच्या खेळाबद्दल काय काय बोलले, पण सुरुवात दादाच्या जुन्या ट्रॅकपँटपासून झाली, नाडी आवळून कमरेला बांधलेल्या.

सराव पहाटे असायचा, पाणी भरून झालं की लगेच. आम्ही पोरी कशाबशा गोळा झालो होतो: माझ्या कारखान्यातल्या तिघी, ग्लोरिया आणि तिच्या दोन मैत्रिणी, नळावर भांडणारी म्हणून प्रसिद्ध असलेली एक, आणि आणखी काही. अंकलनी आम्हाला पहिल्या दिवशी मैदानाला फेरी मारायला लावली आणि कोणीच दमलं नाही हे बघून चकित झाले. मग वर डोंगराकडे बघून म्हणाले, "हां, तुम्ही तर रोज मॅच खेळता." चेंडू मात्र कोणाला जमेना. मी राइट बॅक होते, म्हणजे जिथं माझ्याकडून कमीत कमी नुकसान होईल अशा जागी. वहिनीला अंकलनी गोलात उभं केलं आणि हातानं चेंडू फेकला. तिनं धरला. जोरात फेकला, धरला. डोक्यावरून फेकला, तिनं एक पाऊल मागे जाऊन तोही धरला आणि लगेच खाली ठेवला, दुसरा येणार असल्यासारखा.

"कुठं शिकली गं?" अंकलनी विचारलं.

"शिकाक कशाक होया," ती म्हणाली. "पावसाआधी घरावरचे कौलाचे नळे परतूक लागतत. खालसून एकान उडवचो, वयर बसलेल्यान धरूचो. नळो पडलो तर फुटलो. ह्यो पडलो तर फुटना तरी नाय."

तरीही पहिला सामना आम्ही पाच गोलांनी हरलो. गर्दी झाली होती, ते भाकीत खरं ठरलं. बहुतेक हसायला आले होते आणि हसून गेले. हसण्यासारखंच होतं, माझ्या पायावरून चेंडू दोनदा आमच्याच गोलाकडे गेला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मुकादम म्हणाला, "काय मंदा, वाट लागली ना?" मी पिना बसवत राहिले. दमलेल्या माणसाला अपमानही उशिरा पोहोचतो. तो मला दोन-तीन दिवसांनी पोहोचला, आणि तोवर पुढच्या सरावाची वेळ झाली होती.

दुसरा सामना कोणीच गोल न करता सुटला. आमच्याकडून गोल होणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडून झाला नाही तो वहिनीमुळे. त्या दिवशी मैदानातून वर जाताना लोक हसले नाहीत. पुरुषांच्या टीमची पोरं बाजूला उभी होती, त्यांच्यातला एक दादाला म्हणाला, "कॅप्टन, वहिनीला आमच्या गोलात टाक ना यार." दादा हसला. मला वाटतं त्याला बरं वाटलं होतं. त्या महिन्यात त्याला हसण्यासारखं दुसरं काही घडलं नव्हतं. टेकडी तक्त्यात शेवटून दुसरी होती आणि शेवटच्या दोघांनी खालच्या डिव्हिजनमध्ये जायचं असा नियम होता.

तिसरा सामना वांद्र्याकडच्या एका टीमशी होता. त्यांच्या पोरींचे बूट एकसारखे होते आणि त्या आधी इंग्रजीतून गाणं म्हणून मग मैदानात उतरल्या. त्या दिवशी सगळा खेळ आमच्याच अर्ध्यात झाला. मी धावत होते, पडत होते, आणि दर थोड्या वेळानं मागे धप्प आवाज यायचा, म्हणजे वहिनीनं चेंडू छातीशी धरलेला असायचा. ती ओरडायची नाही, उड्या मारून दाखवायची नाही. चेंडू जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभी राहायची, दारावर कोणी येणार हे पावलांवरून कळल्यासारखी. आम्ही एका गोलानं हरलो. सामना संपल्यावर सुती साडीतल्या, डोक्यावर उन्हाची टोपी घातलेल्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्या शहराच्या मुलींच्या संघाची निवड बघत होत्या. त्यांनी वहिनीला नाव विचारलं.

"सुगंधा."

"पूर्ण नाव सांग."

वहिनी दादाकडे बघायला लागली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे; लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बाई थांबल्या, पोरी तोंडाला हात लावून हसायला लागल्या. शेवटी दादाच पुढे झाला. "सुगंधा विलास परब," तो म्हणाला आणि मग थोडं थांबून, "मी विलास."

काही दिवसांनी फ्रान्सिस अंकल संध्याकाळी घरी आले. सायकल खाली ठेवून डोंगर चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. आईनं पाणी दिलं. ते सगळं प्याले आणि म्हणाले, "सुगंधाला बोलावलंय. शहराच्या टीममध्ये. कुलाब्याच्या बाजूला कॅम्प, मग केरळात टूर्नामेंट. महिनाभर लागंल."

स्टोव्हवर कुळथाची पिठी उकळत होती, तिचा तेवढा आवाज. बाबा म्हणाले, "केरळात भात मिळता. ती एक काळजी नाय." आई पिठी ढवळत राहिली. वहिनी जमिनीकडे बघत होती. दादा म्हणाला, "बरं झालं." मग उठला, आपले बूट घेतले आणि बाहेर पायरीवर बसून साफ करायला लागला. ते साफच होते.

वहिनी मला हळूच म्हणाली, "तेंका वायट वाटला."

"नाही गं."

"वाटूचाच. माका वाटला असता."

मी तिला म्हटलं, तू जा, तुझ्या वाटचं मी करीन. मनापासून म्हटलं, पण म्हणतानाच तिच्या वाटचं म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे येऊन माझा आवाज बसला. तिनं ते ऐकलं असणार. ती म्हणाली, "तू कारखान्यात पडशील उभ्या उभ्या." आईला तर तिनं विचारलंही नाही. आईचे गुडघे त्या थंडीपासूनच बोलायला लागले होते आणि दोनऐवजी ती आता एकच खेप करायची. अंकलना दोन दिवसांत कळवायचं होतं. ते दोन दिवस घरात तो विषय कोणी काढला नाही. वहिनी नेहमीसारखी भाकऱ्या थापत होती आणि मला त्या थापण्याचा आवाज ऐकवत नव्हता.

मध्ये रविवार होता आणि त्या रविवारी टेकडीचा शेवटचा सामना. बरोबरी झाली असती तरी टेकडी वाचली असती. आम्ही पोरी सगळ्या गेलो होतो, रेषेबाहेर एका ओळीत उभ्या. दादानं गुडघ्याला पट्टी बांधली होती आणि पट्टी लपवायला मोजे वर ओढले होते. तो चांगला खेळला. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. सगळा वेळ तो एकट्यानं बचावाची भिंत धरून होता, आणि अगदी शेवटी, उजेड पिवळा पडायला लागला तेव्हा, समोरच्या टीमचा एक कोवळा पोरगा चेंडू घेऊन त्याच्या बाजूनं निघाला. दादा वळला. म्हणजे वळायला गेला. कंबर वळली, गुडघा वळला नाही. तो तिथंच एक हात जमिनीला टेकून राहिला आणि तो पोरगा पुढे जाऊन गोल करून आला. परत येताना त्या पोरानंच दादाला हात देऊन उठवलं. त्याला वाटलं असेल, सिनियर माणूस आहे, पडला.

मी आजवर बरेच लोक हरताना पाहिले. बाबांची गिरणी पाहिली, माझा स्वतःचा संसार पाहिला. पण हरणं म्हटलं की मला आधी दादाचं ते वळणं दिसतं. आता माझेच गुडघे तसे झालेत. रिक्षातून उतरताना मी हात टेकते, आणि बदलापूरच्या या घराला लिफ्ट आहे याचे मनातल्या मनात आभार मानते.

घरी आल्यावर वहिनीनं तांदळाचं गरम पोटीस करून त्याच्या गुडघ्यावर बांधलं. आई ताटं घेत होती. दादा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. तो डोळे न उघडताच म्हणाला, "अंकलना उद्या सांगायचंय ना?"

"सांगा. नाय म्हणान," वहिनी म्हणाली.

"का नाही?"

"पाणी कोण भरतला?"

"मी भरीन."

"ह्या गुडघ्यान?"

"आता त्याला दुसरं काम राहिलंय कुठं?" दादा म्हणाला. मग डोळे उघडून तिच्याकडे बघत म्हणाला, "माझं बोलावणं येणार नाही, सुगंधा. मला आज कळलं. तुझं आलंय. तू जा."

वहिनी पट्टीची गाठ मारत होती. ती गाठ तिनं सोडली आणि पुन्हा मारली. मग आईकडे बघितलं. आई ताटात भात वाढत होती. ती म्हणाली, "माझ्याकडे बघू नको. माका आता भांडूक त्राण नाय. जा बाय, आणि वेळेर जेव." परवानगी म्हणावी असं त्यात काही नव्हतं, पण आमच्या घरात परवानग्या तशाच मिळायच्या. कोणाचं तरी बळ संपल्यावर.

वहिनी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा हंडा घेऊन माझ्याबरोबर खाली उतरला. आमच्या नळावर पुरुष येत ते भांडण सोडवायला किंवा लावायला, पाणी भरायला नाही. दादा रांगेत उभा राहिला तेव्हा मागून एक जण म्हणाली, "काय रे विलास, बायको पळाली काय?"

"पळाली नाही, खेळायला गेलीय," दादा म्हणाला.

"आणि तू?"

"मी पाणी भरतोय. दिसत नाही?"

दोन-चार दिवस हसल्या आणि मग सवय झाली. डोक्यावर हंडा घेणं त्याला जमेना, म्हणून तो खांद्यावर घ्यायचा आणि अर्धा अंगावर सांडायचा. चढणीवर मधे थांबायचा. मी पुढे जाऊन मागे बघायची, तर गुडघ्यावर हात ठेवून उभा, आणि खालच्या मैदानाकडे तोंड. मी हाक मारायची नाही. टेकडी खालच्या डिव्हिजनला गेली, पुढच्या वर्षी दादानं बूट एका पोराला देऊन टाकले. क्लब पुढे थोडी वर्षं रखडत चालला. मग मैदानाच्या एका बाजूनं झोपड्या आल्या, दुसऱ्या बाजूनं कुंपण, आणि मधे उरलेल्या जागेत गोलपोस्ट मावेनात. बायकांची टीमही फार टिकली नाही. ग्लोरिया नर्स होऊन आखातात गेली, कारखान्यातल्या पोरींची लग्नं झाली, वहिनीला दिवस राहिले. फ्रान्सिस अंकल मात्र शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे की टेकडीची गोलकीपर शहराकडून खेळली.

खरं म्हणजे ती खेळली नाही. महिन्यानं परत आली ती निळा ट्रॅकसूट घालून, थोडी काळवंडलेली, हातात केळ्याच्या वेफर्सची पिशवी. आजूबाजूच्या बायका दारात जमल्या. पोरांनी ट्रॅकसूटला हात लावून पाहिला. दादानं विचारलं, "किती मॅच खेळलीस?"

"एकव नाय."

"एकही नाही?"

"पयली गोलकीपर होती ना. ती काय आजारी पडाक नाय. मी राखीव."

बायका हळूहळू पांगल्या. दादाचा चेहरा पडला. महिनाभर चढ चढून त्यानं मनात सामने खेळले असणार, तिच्या वतीनं. तो वर्कशॉपला निघून गेला. आई बाजारात गेली, बाबा झोपले होते. मी त्या दिवशी खाडा केला होता, वहिनी येणार म्हणून. मला तिच्यासाठी फार वाईट वाटत होतं. तिनं ट्रॅकसूटच्या बाह्या वर सारल्या, तांदळाचं सूप ओढलं आणि निवडायला बसली.

मी म्हटलं, "एक तरी मॅच द्यायला हवी होती गं त्यांनी."

ती थोडा वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मंदा, खरा सांगू? कोणाक सांगू नको. तेंका तर नायच."

"सांग."

"मी थय नुसती बसलंय. सकाळी कोणी माका उठवूक नाय. आपणच जाग इली तेव्हा उठलंय. जेवणाक बसलंय तर ताट वाडून दिल्यानी, आणि जेवल्यावर ता ताट उचलूक गेलंय तर म्हणतत, ठेव. मॅच लागली की त्या बाकार बसायचा. बाकीची चेडवा रडत, आमका खेळूक दिल्यानी नाय म्हणान. मी मनात म्हणी, देवा, ती पयली आजारी पडा नको. माका अजून थोडा बसूक गावां दे." ती सुपाकडे बघत होती. "वायट काय गो ह्या?"

मी नाही म्हटलं. तिच्या पुढ्यातून सूप काढून घेतलं आणि म्हटलं, "बस मग. मी करते."

ती नको म्हणेल असं वाटलं होतं. पण तिनं पाय लांब केले आणि पाठ भिंतीला टेकली. पलीकडे बाबा खोकले, खाली नळावर कोणाचं तरी रिकामं पिंप गडगडत गेलं. मी तांदूळ निवडत होते. काही वेळानं वर पाहिलं, तर ती तशीच बसल्या बसल्या झोपली होती, निळ्या ट्रॅकसूटमध्ये, ओंजळ मांडीवर उघडी ठेवून. मी उरलेले तांदूळ आवाज न करता निवडले.